सैनिकांच्या पगारावरचा तो फॉरवर्ड

आयर्लंडमधल्या आपल्या ग्रुपांवर काही दिवस आयरिश सैनिकांच्या पगारवाढीविरुद्ध एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय: आयर्लंड तटस्थ बेट आहे, त्याच्यावर चाल करून कोण येणार? सैनिक म्हणजे सरकारचे जावई, पगार परवडत नसेल तर नोकरी सोडावी. आणि संरक्षण हवंच असेल तर चार जहाजं घ्या, पगार वाढवून काय होणार? चांगल्या शिकलेल्या माणसांनीही तो पुढे ढकलला, म्हणून लिहायला बसलो.

जहाजांपासून सुरुवात करतो, कारण ती मला दिसतात. मी कॉर्कजवळच्या कोव्ह या बंदरगावी राहतो. किनाऱ्यावरच्या बाकावर बसलं की पाण्यापलीकडे हॉलबोलिन, म्हणजे नौदलाचा तळ. 2019 च्या वसंतात 'जॉर्ज बर्नार्ड शॉ' हे नवंकोरं जहाज ताफ्यात आलं. त्याच वर्षी 'एथ्ना' आणि 'ओर्ला' ही दोन जहाजं खलाशी नाहीत म्हणून धक्क्याला बांधावी लागली. 2022 मध्ये ती दोन्ही आणि सोबत 'किरा' कायमची निवृत्त झाली. पुढच्या जानेवारीत 'रोशीन' आणि 'नीव्ह' राखीवमध्ये टाकायचं ठरलं. कारण तेच. नौदलात मंजूर जागा 1,094, भरलेल्या 800 च्याही आत. 2028 पर्यंत संरक्षणाचा वार्षिक खर्च दीड अब्ज युरोवर न्यायचं सरकारने 2022 मध्ये ठरवलं, ते चांगलंच झालं. पण जहाज घेतलं म्हणजे इंजिनरूममध्ये उभा राहणारा माणूस सोबत येत नाही.

तो माणूस जातो कुठे? हॉलबोलिनचा पूल ओलांडला की रिंगास्किडी. तिथे औषधांच्या कारखान्यांची रांगच आहे. पंप, बॉयलर, वीज सांभाळणारा प्रशिक्षित हात त्यांना हवाच असतो. तिथे पाळी संपली की माणूस घरी जेवायला येतो. नौदलात तोच माणूस आठवडेच्या आठवडे अटलांटिकवर असतो, आणि पोरांचे वाढदिवस फोनवर साजरे होतात. 'पगार परवडत नसेल तर नोकरी सोडा' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ते ऐकलं गेलंय. तिन्ही दलांत मिळून 9,500 माणसं असायला हवीत, आठ हजारही नाहीत.

'सरकारचे जावई' हा शब्द मला सर्वांत जास्त लागला. आर्थिक कोसळणीनंतर 2009-10 मध्ये सगळ्याच सरकारी नोकरांचे पगार कापले गेले, आणि 2011 पासून नव्याने लागणाऱ्यांना 10 टक्के कमी पगारावर घेतलं गेलं. शिक्षक, नर्स, सैनिक, सगळेच भरडले. पण 2019 च्या जानेवारीत नर्सेस संपावर जाऊ शकल्या, त्यांचं म्हणणं देशाने ऐकलं. सैनिकाला संप करता येत नाही. 1980 च्या दशकाच्या शेवटी तर त्यांना तक्रार मांडायला स्वतःची संघटनाही नव्हती. मग त्यांच्या बायका पुढे आल्या, संघटना बांधली आणि 1989 च्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवार उभे केले. नवऱ्याच्या पगारासाठी बाईला मतं मागायला दारोदार फिरावं लागलं, याला कोणी जावयाचा थाट म्हणेल का? पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि सैनिकांना प्रतिनिधी संघटना मिळाल्या.

राहिला प्रश्न 'चाल करून कोण येणार' हा. 2022 च्या सुरुवातीला रशियाने आयर्लंडच्या सागरी आर्थिक क्षेत्रात, म्हणजे मासेमारीचे हक्क आयर्लंडकडे असलेल्या समुद्रात, नौदल सराव जाहीर केला. आम्ही मासेमारी थांबवणार नाही, असं नैऋत्य किनाऱ्यावरच्या कॅसलटाउनबेअरच्या कोळ्यांनी ठणकावलं. शेवटी रशियाने सराव त्या क्षेत्राबाहेर हलवला. शिवाय तुमचा हा फॉरवर्ड अमेरिकेतल्या मावसभावाकडे नेणाऱ्या केबल्सपैकी कित्येक याच समुद्राच्या तळाशी आहेत.

आणि शत्रू नसतानाही समुद्रावर माणसं लागतात, हे आपण भारतीयांनी तरी विसरू नये. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं 'कनिष्क' हे विमान याच किनाऱ्यापासून दूर समुद्रात कोसळलं. 329 माणसं गेली, त्यांतली बरीचशी आपल्याच रक्ताची. तिथे 'अॅशलिंग' हे आयरिश नौदलाचं जहाज धावून गेलं. त्यावरच्या तरुण खलाशांनी छोट्या रबरी होड्या पाण्यात सोडल्या आणि आपली माणसं हातांनी उचलून वर घेतली.