बारा लाख चाळीस हजार गेले कुठे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका,

नाव न देता तुम्ही ‘बांधकाम खात्यातून निवृत्त अभियंता’ एवढीच सही केलीत, म्हणून काका म्हणतोय. राग नसावा.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. कोथरूडमधला १९८४ सालचा, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला एक वन बीएचके मी २०२२ च्या नोव्हेंबरात ५४ लाखांना घेतला, त्यावर ९ लाख ६० हजार खर्च केले आणि चौदा महिन्यांनी ७६ लाखांना विकला. लेखात मी ठळक अक्षरांत ‘नफा १२ लाख ४० हजार’ असं लिहिलं होतं. त्यावर काकांचे तीन आक्षेप आहेत. हा हिशेब चौथीतल्या पोराचा आहे. गंजलेल्या सळयांवर रंगरंगोटी करून घर दुसऱ्याच्या गळ्यात मारलंय. आणि अशा गुंतवणूकदारांमुळे साध्या माणसाला जुनं घरसुद्धा परवडेनासं झालंय.

पहिला आक्षेप वाचून मला राग आला होता. मग रविवारी वही घेऊन बसलो आणि राग उतरला. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ३ लाख ७८ हजार, नोंदणी ३० हजार, एजंटाचा एक टक्का म्हणजे ५४ हजार, सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५ हजार, मालकीहक्क तपासणारा वकिलाचा सर्च रिपोर्ट १२ हजार. इथेच पाच लाखांना हजार कमी. चाळीस लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी चौदा महिन्यांचं व्याज ४ लाख २० हजार. मेंटेनन्स, मिळकतकर आणि लाइटबिल मिळून ४० हजार. विकताना पुन्हा एजंट, ७६ हजार. उरले २ लाख ५ हजार.

इथे थांबलो असतो तरी अब्रू वाचली असती. पण मी चोवीस महिन्यांच्या आत विकलं, म्हणजे अल्प मुदतीचा भांडवली नफा, आणि तो माझ्या ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, वर उपकर. व्याज खर्चात धरायला माझ्या सीएने नकार दिला. शिवाय नूतनीकरणातल्या दीड लाखाची बिलं कच्ची होती. प्लंबर आणि सुतार यांनी वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब. तोही सीएने बाजूला ठेवला. कर बसला २ लाख ५४ हजार. तेव्हा काका, बारा लाख चाळीस हजारांचा नफा हा प्रत्यक्षात एकोणपन्नास हजारांचा तोटा आहे, आणि त्यात माझे चौदा महिन्यांतले शनिवार-रविवार धरलेले नाहीत. बायकोने हे आकडे पाहिले आणि काहीही न बोलता चहा ठेवला.

दुसरा आक्षेप मात्र मी मान्य करणार नाही. तो करण्याइतका मसाला मीच पुरवला हे खरं, कारण लेखात फोटो टाकले ते नव्या ओट्याचे आणि टाइल्सचे. छताला भगदाडं पाडलेली असतानाचे टाकले नाहीत, कारण ते दिसायला भयाण होते.

तुम्ही त्या काळात साइटवर असाल, तुम्हाला वेगळं काय सांगायचं! १९८२ च्या फेब्रुवारीपर्यंत सिमेंट पूर्ण सरकारी नियंत्रणाखाली होतं, त्याच वर्षीच्या जानेवारीत सिमेंट प्रकरणावरून अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं होतं, आणि संपूर्ण नियंत्रण उठायला १९८९ उजाडलं. मधल्या वर्षांत खुल्या बाजारातलं सिमेंट महाग पडायचं. त्या काळातली इमारत बघताना मी म्हणूनच धरून चालतो की कुठेतरी हात आखडता घेतला असणार. त्यात पीळ दिलेल्या टोर सळया, गंजायला सोप्या. काँक्रीट जितकं सच्छिद्र, तितका हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो, काँक्रीटची क्षारता उतरते आणि सळईला गंजापासून वाचवणारं कवच जातं. मग फक्त पाणी हवं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, तो कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, फोडून बाहेर येतो, आणि घरमालक त्याला ‘पोपडे आलेत’ म्हणतो.

म्हणून टोकन देण्याआधी मी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, मागितलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अडतीस वर्षांच्या या इमारतीचं एकदाही झालेलं नव्हतं. सचिवांनी मला ‘बघा ना, कशी ठणठणीत उभी आहे’ असं उत्तर दिलं. मग मी पदरचे पैसे घालून स्ट्रक्चरल इंजिनिअर नेला. त्याने आधी नुसत्या हातोडीने अख्खं छत वाजवलं, मग रिबाउंड हॅमर (काँक्रीट किती कठीण ते बघायला) आणि हाफ-सेल (सळई गंजतेय का ते बघायला) चाचणी केली. कॉलम-बीम ठीक निघाले. वाईट होते ते बाथरूमचा खोलगट स्लॅब आणि स्वयंपाकघराबाहेरचा छज्जा, म्हणजे जिथे जवळजवळ चाळीस वर्षं पाणी मुरत होतं ते दोन्ही भाग.

तिथे काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडलं, गंज घासून काढला, सळईला गंजरोधक लेप आणि जुन्या काँक्रीटवर नवं धरून ठेवणारा बाँडिंग कोट दिला, पॉलिमर मॉर्टरने भरलं. त्याआधी बीडाचे सांडपाण्याचे पाइप आणि गंजून आतून बोटभरही भोक न उरलेले पाण्याचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप बदलले. हा क्रम उलटा झाला तर मॉर्टर कितीही महागाचं वापरा, दोन पावसाळ्यांत तिथेच ओल येते. नऊ लाख साठ हजारांपैकी जवळजवळ निम्मे अशा जागी गेले जिथे खरेदीदाराची नजरही जात नाही. वायरिंग त्यातच. जुनं अ‍ॅल्युमिनियमचं होतं आणि बऱ्याच ठिकाणी अर्थिंग नव्हतंच.

खरेदीदाराला सांगितलं का, असं तुम्ही विचारलंत. ऑडिटचा अहवाल आणि फोडकामाचे फोटो पहिल्या भेटीतच दिले. मी ७८ मागत होतो, ते बघून तो ७६ वर आला. मला ते रास्त वाटलं.

पण एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, आणि माझं खरं दुखणं तिथे आहे. गच्ची. वरच्या गळतीवर सोसायटीने ब्रिकबॅट म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर दुसरा कोबा टाकून ठेवलाय. चार इंचांचा थर धरला तरी चौरस फुटाला अठरा-वीस किलो वजन. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब मानकाप्रमाणे चौरस फुटाला चौदा किलोंच्या आसपासच्या वावराच्या भाराला धरतात. म्हणजे माणसं आणि लग्नातल्या खुर्च्या यांच्या वाट्याचा भार त्या दुसऱ्या थराने कधीच खाऊन टाकलाय. जुने थर काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करा, असं मी सभेत दोनदा मांडलं. खालच्या मजल्यांवरच्यांना गळत नाही, त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले नाहीत. मीही नंतर विकून मोकळा झालो. अहवालात गच्चीचा मुद्दा आहे, खरेदीदाराने तो वाचलाय, पण ‘गळ्यात मारलं’ हे तुमचे शब्द मला कुठे टोचत असतील तर इथे.

तिसऱ्या आक्षेपावर थोडंच बोलतो. तो फ्लॅट तीन वर्षं कुलूपबंद होता. मालकीणबाई मुलाकडे बंगळूरला. आधी तीन कुटुंबं बघून गेली आणि ओल बघून परतली. बँक खरेदीला कर्ज देते, वर दुरुस्तीला नऊ-दहा लाख रोख काढणं सगळ्यांना जमत नाही. तरीही, ज्याला ते जमलं असतं त्याला हे घर शुल्कासकट सत्तरीच्या आत पडलं असतं, हे मी नाकारत नाही. माझ्या मधे येण्याने एकाच घराचं मुद्रांक शुल्क दोनदा भरलं गेलं. माझे ३ लाख ७८ हजार, नव्या मालकाचे ५ लाख ३२ हजार, त्यात माझा कर मिळवा, साडेअकरा लाखांच्या वर होतात. ठळक अक्षरांतला माझा नफा कुणाच्या खिशात गेला ते कळलं.

मूळ लेखातला आकडा पुसला नाही. त्यावर रेघ मारून शेजारी ‘उणे ४९ हजार’ लिहिलंय आणि फोडकामाचे सहा फोटो जोडलेत. त्यातला चौथा जरा मोठा करून बघाल का? छज्ज्याच्या मुळाशी दोन सळयांतलं अंतर मला जास्त वाटतंय. इंजिनिअर म्हणाला चालेल. तुम्हाला काय वाटतं?