पीडीएफवाल्या, जावा असं निवडत नाही

भाची इंदिरानगरला राहते, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा रात्री तिचा मेसेज: "मामा, एकाच नावाची दोन फंक्शन्स असली तर जावा रनटाइमलाच ठरवतं ना?" सोबत एक पीडीएफ, 'ओव्हरलोडिंग: मुलाखतीत हमखास'. ओव्हरलोडिंग म्हणजे जावासारख्या प्रोग्रामिंग भाषेत एकाच नावाची, पण वेगवेगळी आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेल्या किमती) घेणारी अनेक फंक्शन्स. प्लेसमेंटच्या ग्रुपवरून फिरत फिरत हीच पीडीएफ माझ्याकडे तिसऱ्यांदा आली. आता पुरे.

पीडीएफचा पहिलाच मुद्दा: "प्रोग्राम चालताना आलेल्या वस्तूचा खरा प्रकार बघून जावा फंक्शन निवडतं." साफ चूक. निवड कंपायलर (प्रोग्राम चालण्याआधी कोड तपासून त्याचं भाषांतर करणारा) करतो, तीही व्हेरिएबलच्या जाहीर केलेल्या टाइपवरून. 'दाखव' नावाची दोन फंक्शन्स लिहा, एक ऑब्जेक्ट (कुठलीही वस्तू) घेणारं, दुसरं स्ट्रिंग (मजकूर) घेणारं. ऑब्जेक्ट टाइपच्या व्हेरिएबलमध्ये "पंचवटी" ही स्ट्रिंग ठेवून पाठवा. आत स्ट्रिंग आहे, तरी ऑब्जेक्टवालंच चालतं.

माझ्यावर विश्वास नको. जावाच्या अधिकृत स्पेसिफिकेशनचं कलम १५.१२.२ उघडा. तिथे तीन पायऱ्या आहेत: आधी बॉक्सिंग (साध्या इंट आकड्याला इंटिजर या वस्तूत गुंडाळणं) न करता काही जुळतंय का, नाही तर बॉक्सिंग करून, आणि अगदीच नाही तर कितीही आर्ग्युमेंट्स घेणारं. तिन्ही कंपाइल होतानाच.

त्याच कलमापुढे "इंट आणि इंटिजर एकच समजा" हा मुद्दाही टिकत नाही. मिसळीच्या दुकानातली टोकन इंटिजरच्या लिस्टमध्ये आहेत: १, २, ३. पहिल्याची मिसळ झाली म्हणून तुम्ही 'रिमूव्ह'ला १ दिला. रिमूव्हची दोन रूपं, एक इंडेक्स (लिस्टमधला क्रमांक) घेणारं, एक वस्तू घेणारं. १ हा इंट, त्यामुळे इंडेक्सवालं पहिल्याच पायरीवर जुळलं, आणि इंडेक्स शून्यापासून. उडालं २ नंबरचं टोकन! एरर नाही, काही नाही, दोन नंबरवाला उपाशी. तिथे 'इंटिजर.व्हॅल्यूऑफ' वापरून १ द्यावा लागतो.

एवढं नाइलाजाने कबूल करतो: ओव्हररायडिंगमध्ये (वारसदार क्लास मूळ क्लासचंच फंक्शन स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहितो तेव्हा) ज्या ऑब्जेक्टवर मेथड, म्हणजे त्याचं फंक्शन, बोलावली त्याचा खरा प्रकार रनटाइमलाच बघतात, आणि ज्युलिया भाषा तर सगळ्याच आर्ग्युमेंट्सचा बघते. पीडीएफवाल्याने बहुधा याचीच खिचडी केली. पण वर ठळक अक्षरात 'जावा' लिहिलंय ना!

"पायथॉनमध्येही एकाच नावाची दोन लिहा"? दुसरं पहिल्याला पुसून टाकतं. टाइपवरून निवड हवी तर पायथॉनच्या ३.४ आवृत्तीपासून 'सिंगलडिस्पॅच' आहे, तेही फक्त पहिलं आर्ग्युमेंट बघतं.

"नुसता रिटर्न टाइप बदलला तरी ओव्हरलोडिंग होतं"? तो तर फक्त फंक्शनकडून परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार; जावाचा कंपायलर तिथेच अडवतो. हे तपासायला दहा सेकंद लागतात.