लागलं का घर?

रत्नागिरीत राहायला येऊन आम्हाला चार महिने झाले. शेजारच्या काकू रोज सकाळी गडग्यापलीकडून एकच विचारतात, "लागलं का घर?" पहिल्या आठवड्यात मी उत्साहाने "लागतंय, लागतंय" म्हणायचो. आता नुसता हसतो.

पुण्याहून निघताना सामान बांधणाऱ्या पोरांनी सगळ्या २३ खोक्यांवर ठसठशीत अक्षरांत लिहून दिलं होतं, म्हणून मी निर्धास्त. इथे येऊन बघतो तर २३ खोक्यांवर एकच मजकूर: 'किचन व इतर'. चहाचं गाळणं हवं म्हणून पहिलं खोकं फोडलं, तर आत पाच स्वेटर. रत्नागिरीत, मे महिन्यात! दुसऱ्यात गणपतीचं मखर. त्या दिवशी चहा रुमालातून गाळला.

बरं, सामान लावायला वेळ कुठे? माझे कॉलेजातले दोन मित्र इथेच असतात. एक मास्तर आहे, दुसऱ्याची पावसच्या बाजूला कलमांची बाग. मी येणार म्हटल्यावर दोघांना जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही. रविवारी सकाळी मी बनियनवर, हातात कटर घेऊन खोक्यापुढे बसलो रे बसलो की फाटकाबाहेर हॉर्न वाजतो. "खोकी काय पळून जातायत? चल, भाट्याला जाऊन येऊ."

पहिला रविवार भाट्याच्या सुरूबनात गेला. दुसरा आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला. त्या रस्त्यावर खाली समुद्र असा काही उलगडतो की बायको खोकी विसरली. मी काहीच पाहिलं नाही. वळणांनी मला गाडी लागली होती. संध्याकाळी काकूंनी विचारलं, "लागलं का?" म्हटलं, "गाडी लागली." त्यांनी कोकम सरबत पाठवलं आणि घराचा विषय त्या दिवसापुरता मिटला.

तिसऱ्या रविवारी बागवाला दारात उभा. काखेत, तान्हं मूल घ्यावं तसा, भलाथोरला कापा फणस. "नव्या घरासाठी. कोयती आण, आणि हाताला लावायला तेल."

कोयती! आम्ही चार खोकी फोडली. गेल्या वर्षीच्या दिवाळीचे आकाशकंदील निघाले, इस्त्री निघाली, मुलाच्या पहिलीच्या वह्या निघाल्या आणि केक कापायची प्लास्टिकची सुरी निघाली. आता चेष्टा करू नका, मी त्या सुरीने प्रयत्न केला. ती फणसात रुतली ती रुतलीच. मग तिघांनी मिळून फणस हातानेच फाडायचं ठरवलं. पाच मिनिटांत चीक माझ्या कोपरापर्यंत, दाराच्या कडीला, बायकोच्या मोबाइलला आणि मास्तरच्या मिशीला. शेवटी काकू विळी आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या, दहा मिनिटांत ताटभर गरे काढले आणि जाताना घरभर नजर फिरवून म्हणाल्या, "घर नाही, पण चीक सगळीकडे लागलाय हो."

जूनमध्ये पाऊस लागला. पुण्यात पाऊस पडतो, इथे लागतो. यातला फरक मला मिठाच्या बरणीने शिकवला: पंधरवड्यात मीठ चमच्याने नव्हे, ओतून घ्यावं लागायला लागलं. बुटांना बुरशी लागली, तीही अशी दाट की मास्तर म्हणाला, दाढी करून घे त्यांची. मालक सांगत होते, कौलं यंदाच परतलीत. परतली असतील, पण एक कौल बरोबर खोक्यांच्या डोक्यावर सरकलं. रात्री दोन वाजता त्या गळतीखाली अंथरायला शेवटी पाच स्वेटर कामी आले.

त्याच पावसात मास्तरने आम्हाला थिबा राजवाडा दाखवला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी कैद करून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि हा वाडा त्याला मिळाला १९१० मध्ये. २४ वर्षं! पुढे जेमतेम सहा वर्षं राहून १९१६ मध्ये तो इथेच वारला. मला एकदम धीर आला. म्हटलं, "बघ, राजाचंसुद्धा घर लागायला वेळ लागतो."

"त्याच्या राणीला गाळणं तरी सापडलं असेल," बायको म्हणाली आणि पुढच्या दालनात निघून गेली.

गणपतीत मखर तेवढं वेळेवर लागलं.

गेल्या रविवारी मात्र मी निक्षून सांगितलं: आज कुठेही जायचं नाही. तर दोघे सकाळीच मदतीला हजर. "आज घर लावूनच उठायचं." पहिलंच खोकं मास्तरने फोडलं, आणि त्यात कॅरम निघाला. तो ठेवायला दोन न फोडलेल्या खोक्यांची उंची अगदी नेमकी जमली. दमट हवेने बोर्ड फुगलेला, स्ट्रायकर पुढे सरकेना, म्हणून पावडरचा अर्धा डबा संपला. जेवणं बोर्डाशेजारीच झाली.

संध्याकाळी काकू डोकावल्या. "काय, आज तरी लागलं का?"

मास्तरने मान वर केली नाही. "थांबा काकू. राणी घेतलीय, कव्हर लागायचंय."