यादीत नाव होतं, पण कागद दाखवायचा होता

कोरोनाच्या लसीकरणात सरकारने ज्यांना आधी लस द्यायची ठरवली, त्या यादीत एचआयव्ही होता. आज हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढचे सगळे आणि ४५ ते ५९ वयातले सहव्याधीवाले, असा टप्पा सुरू झाला. सहव्याधी म्हणजे कोणत्या, तर केंद्राने २० आजारांची यादी काढली होती. हृदयविकार, डायलिसिस, कॅन्सर अशी उतरत उतरत ती शेवटाकडे एचआयव्हीवर येत होती. ज्या कुणी अधिकाऱ्याने ती ओळ घातली त्याचे आभारच मानायला हवेत. पण आमच्या भागात त्या ओळीचा उपयोग कुणाला झाला असं विचाराल, तर माझ्या ओळखीत तरी फार कुणाला नाही.

मी सांगली जिल्ह्यात एचआयव्हीच्या समुपदेशनाचं काम करते. बरीच वर्षं झाली. परवा एका कार्यक्रमात 'आपल्या जिल्ह्यात लसीकरणापासून कुणीही वंचित राहिलं नाही' असं भाषण ऐकलं आणि टाळ्याही ऐकल्या. म्हणून हे लिहिते आहे, नाहीतर जुनी गोष्ट आहे.

अडचण कुठे होती ते सांगते. ४५ ते ५९ मधल्या माणसाला सहव्याधी सिद्ध करायची होती. त्यासाठी रजिस्टर्ड डॉक्टरच्या सहीचा दाखला लागे. दाखल्याचा छापील नमुना होता, त्यात आजारासमोर खूण करायची. मग तो कोविनवर चढवायचा किंवा छापून केंद्रावर न्यायचा. शुगरवाल्याला यात काय वाटणार आहे? तो दाखला हातात नाचवत रांगेत पुढे गेला. पण गावातल्या आरोग्य केंद्रात किंवा झेडपीच्या शाळेत टेबलामागे कोण बसलेलं असतं, हे डोळ्यासमोर आणा. ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर ऑपरेटर, म्हणजे भावकीतलाच पोरगा. ड्युटी लागलेले गुरुजी, म्हणजे आपल्या मुलीचे वर्गशिक्षक. आणि आशाताई, त्या तर शेजारच्या गल्लीतल्या. त्यांच्यासमोर तो कागद उलगडायचा.

जतकडचा एक माणूस मला फोनवर म्हणाला, "मॅडम, कोरोनानं मेलो तर खांदा द्यायला कोण येणार न्हाई, एवढंच. ह्यो कागद दावला तर जित्तेपणी वाळीत." यावर मी त्याला काय समजावणार?

ज्यांना एचआयव्हीबरोबर शुगर आणि बीपीही होतं, त्यांनी शुगरचा दाखला नेला आणि लस घेतली. म्हणजे एरवी ज्या आजाराला नावं ठेवायची त्याच आजाराने त्यांची इभ्रत राखली. बाकीच्यांनी १ एप्रिलची वाट पाहिली, कारण तेव्हापासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना दाखल्याशिवाय लस मिळू लागली. तो महिना कसला होता ते सगळ्यांना आठवत असेल. दुसरी लाट चढत होती. आमच्याकडे तर ती उतरायचं नाव घेत नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातले बहुतेक जिल्हे मोकळे झाले, तेव्हा निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत सांगली आणि सातारा दोन्ही होते.

आणि ४५ च्या आतले? त्यांच्यासाठी यादी नव्हतीच. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत तिशी-चाळिशीतली माणसं पुष्कळ. शिवाय जन्मापासून लागण असलेली, नुकती अठरा-वीस झालेली मुलं. त्यांचा नंबर १ मे ला लागला आणि १२ मे ला राज्याने तुटवड्यामुळे १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं. मधल्या दिवसांत मोबाइलवर स्लॉट उघडला की मिनिटात संपायचा. ज्याच्याकडे बटणाचा फोन आहे त्याने स्लॉट कुठे शोधायचा?

आता कुणी म्हणेल, एवढं काय अडलं होतं, एचआयव्हीवाल्यांना कोरोनाचा खरंच वेगळा धोका होता का? प्रश्न रास्त आहे. २०२० च्या सुरुवातीला तर उलटीच हवा होती. मार्च २०२० मध्ये जयपूरला इटालियन पर्यटकांना लोपिनावीर-रिटोनावीर या एचआयव्हीच्या गोळ्या दिल्याची बातमी आली, आणि ज्या गोळ्यांचं नाव लोक कुजबुजत घेतात त्या मिळतील का, म्हणून मला फोन आले! एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, घेणाऱ्यांना कोरोना होतच नाही, अशी समजूत आमच्या काही लोकांचीही झाली. त्याच वर्षी मोठ्या चाचण्यांतून दिसलं की त्या गोळ्यांचा कोरोनावर उपयोग नाही.

मग दक्षिण आफ्रिकेची माहिती आली. तिथल्या वेस्टर्न केप प्रांतात एचआयव्ही असलेल्यांचा कोरोनाने मृत्यू होण्याचा धोका साधारण दुप्पट निघाला. चालू टीबी असेल तर तो आणखी वाढत होता. जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतल्या रुग्णालयांची माहिती एकत्र करून गंभीर आजाराचा किंवा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त असल्याचं सांगितलं. आकडे वेगवेगळे आले तरी एचआयव्हीवाल्यांना आधी लस द्यायला हवी होती, यात शंका राहत नाही. गोळ्या वेळेवर चालू आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला आहे, त्याने घाबरून जायचं कारण नव्हतं. सीडी फोर २०० च्या खाली असणाऱ्याची गोष्ट वेगळी.

किती वेगळी, त्याचं एक उदाहरण सांगते. दक्षिण आफ्रिकेतली ३६ वर्षांची एक बाई, एचआयव्ही आटोक्यात नव्हता. तिच्या शरीरात कोरोनाचा विषाणू २१६ दिवस टिकून राहिला आणि तेवढ्या काळात स्वतःत बदल करत राहिला. एचआयव्हीची औषधं बदलली, ती लागू पडली, तेव्हा कोरोनाही गेला. हे वाचून काही शहाण्यांनी 'म्हणजे नवे व्हेरिएंट हेच लोक तयार करतात' असा अर्थ काढला. डोक्याला हात लावला मी. या गोष्टीचा अर्थ एवढाच, की एआरटी नीट मिळणं आणि लस लवकर मिळणं यात त्या बाईइतकाच सगळ्या गावाचा स्वार्थ आहे.

लसीबद्दलची भीतीही कमी नव्हती. आमच्याकडे 'लस घेतली की तपासणीत एचआयव्ही निघतो' असं पसरलं होतं. याचं मूळ बहुधा ऑस्ट्रेलियात असावं. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या एका लसीत एचआयव्हीच्या प्रथिनाचा निरुपद्रवी तुकडा वापरला होता. त्यामुळे लस घेणाऱ्यांची एचआयव्ही चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ लागली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती लस सोडून दिली गेली. त्या लसीने एचआयव्ही कुणालाच झाला नाही, आणि कोविशिल्ड-कोव्हॅक्सिनमध्ये असला तुकडाच नाही. मग मे २०२१ मध्ये लुक मोंटानिए यांच्या नावाने 'लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार' हा मेसेज फिरला. एचआयव्हीच्या शोधासाठी नोबेल मिळालेला माणूस, त्यामुळे आमच्या लोकांवर त्या नावाचा परिणाम जास्तच झाला. त्यांनी तसं म्हटलंच नव्हतं. (लसीविरुद्ध बोलत होते हे खरं, पण हे वाक्य त्यांचं नाही.) दोन्ही लसींत शरीरात वाढू शकणारा विषाणू नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यालाही त्या चालतात. ऑक्सफर्डची, म्हणजे आपल्याकडे कोविशिल्ड म्हणून आलेली लस ब्रिटनमध्ये एआरटीवर असलेल्या, सीडी फोर चांगला असलेल्या लोकांना देऊन पाहिली, तेव्हा त्यांना इतरांसारखाच प्रतिसाद मिळाला. सीडी फोर खूप कमी असेल तर दोन डोस पुरत नाहीत, म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अशांना जादा डोस द्यावा असं सांगितलं. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, आला तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि साठीपुढच्या सहव्याधीवाल्यांना. चाळिशीतला, सीडी फोर दीडशे असलेला माणूस पुन्हा रांगेबाहेर. तो एप्रिलमध्ये खासगीत पैसे मोजून घेऊ शकत होता, फुकट मिळायला जुलै उजाडला. तोवर लस हा विषयच लोकांच्या डोक्यातून गेला होता.

आता माझा खरा मुद्दा. ही लस एआरटी केंद्रातच द्यायला हवी होती.

तिथे ही माणसं ठरल्या तारखेला गोळ्यांना येतातच. त्यांचं नाव, वय, सीडी फोर, टीबी झाला होता का, सगळं रजिस्टरमध्ये आहे. कागद दाखवायचा प्रश्नच नाही, कारण समोरच्या सिस्टरला माहीत आहे. डॉक्टर आहेत, फ्रीज आहे. अर्धा तास बसवून लक्ष ठेवायला रुग्णालयासारखी जागा कुठली?

आणि हे जमलं असतं, असं मी हवेत म्हणत नाही. लॉकडाऊन लागला तेव्हा गोळ्यांचं काय झालं ते आठवा. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पांगलेले, कुणी तमिळनाडूत अडकलं, कुणी केरळात. माण-खटावचे मुंबईकर गावी आलेले, त्यांचं नाव मुंबईच्या केंद्रावर. तरी जवळच्या केंद्रातून गोळ्या द्या, दोन-तीन महिन्यांच्या एकदम द्या, असे आदेश निघाले आणि कार्यकर्त्यांनी मोटारसायकलवरून पुड्या पोचवल्या. चौकात भेटून, बिस्किटाच्या पिशवीतून. जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी पुन्हा सांगलीत शिरलं, तेव्हाही पुराआधी गोळ्यांची पिशवी उंचावर ठेवा, असे फोन झाले. संग्राम ही संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही वेश्याव्यवसायातल्या बायकांची संघटना, यांच्या बायका तर नव्वदच्या दशकापासून याच जिल्ह्यात असलं काम करत आल्या आहेत. गुपित सांभाळून औषध पोचवायची अक्कल आणि माणसं दोन्ही इथे होती. लसीच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही.

माझे एक डॉक्टर मित्र म्हणतात, "अहो, तुम्हीच लपवायला शिकवता. उघड बोलले तर कलंक जाईल." बोलायला सोपं आहे. त्यांचं क्लिनिक शहरात, त्यांना त्या गावात उद्या सोसायटीच्या डेअरीवर दूध घालायचं नाही. आणि २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. स्वतःची स्थिती कुणाला सांगायची ते त्या माणसाने ठरवायचं, जबरदस्ती करता येत नाही, असं तो स्पष्ट सांगतो. लसीच्या रांगेत जबरदस्ती कुणी केली नाही हे मान्य. कागद दाखव नाहीतर थांब, एवढंच होतं.

फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी या लसी एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांना आजही सुचवल्या जातात. त्या गोळ्यांच्या खिडकीवरच मिळाव्यात असं निवेदन आम्ही काही जण मिळून तयार करतोय. सांगली-साताऱ्यातल्या ज्या डॉक्टरांना, सिस्टरना, फार्मासिस्टना त्यावर सही करायची असेल त्यांनी कळवा. आणि एआरटीवर असलेल्या कुणाला लसीबद्दल विचारायचं असेल तर इनबॉक्समध्ये या, कमेंटमध्ये नको.