वाडा राखला, बगीचा मोडला

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेड-कळमेश्वर पट्ट्यात सध्या जुन्या मालगुजारी वाड्यांना (मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा गावमालक) बरे दिवस आलेत. कोणी लग्नासाठी देतं, कोणी नागपूरच्या पाहुण्यांना शनिवार-रविवार राहायला देतं, प्री-वेडिंगवाले तर ड्रोन घेऊनच उतरतात. दर पावसाळ्यात एकेक भिंत बसण्यापेक्षा हे कधीही चांगलं. सागाच्या खांबांना तेल मिळतं, गावातल्या चार पोरांना काम मिळतं. माझी तक्रार वाड्याच्या मागच्या बाजूची आहे. तिथं जेसीबी पहिल्याच दिवशी येतो. पाट बुजतात, मोटेची धाव (मोट ओढताना बैल जिच्यावरून चालत ती उतरती वाट) सपाट होते, झाडं गाड्यांच्या पार्किंगला आडवी येतात म्हणून जातात. मग लॉन, अरेका पाम, कुंपणाला ओळीनं कोनोकार्पस (गुजरातनं २०२३ मध्ये ज्याच्या लागवडीवर बंदी घातली, तोच), आणि गेटवर पाटी: हेरिटेज.

अशाच एका वाड्याच्या नव्या चालकाला विचारलं, मागं काय होतं? तो म्हणाला, “काही नाही दादा, नुसतं रान होतं.”

त्या रानात माझे आजोबा माळी होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे अनेक गावांत चाललंय.

ते रान कसं होतं ते सांगतो. विहीर वाड्याच्या मागे, आवारातल्या सगळ्यात उंच जागी. मोट थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या दगडी कुंडीत, रिकामी झाली की पुढं पाण्याला कोणी ढकलायचं नाही, उतारानं ते आपलं आपण गेलं पाहिजे. पहिलं पाणी हौदात. हौदाला लागून देवपूजेची झाडं: पारिजात, बकुळ, सोनचाफा, एक बेल. त्याच्याखाली स्वयंपाकघराची वाडी, म्हणजे वांगी, वाल, कढीपत्ता, लिंबू. धुण्याच्या दगडाचं सांडपाणी केळी आणि अळूला. बाजूला एक रिठा, कारण अख्ख्या वाड्यातल्या बायकांचं न्हाणं त्याच्यावर चाले. तिथून खाली संत्र्याचा बगीचा, आणि सगळ्यात शेवटी, पश्चिमेला, अमराई.

अमराई पश्चिमेलाच का? मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि तिकडून जो वारा सुटतो, तो संत्र्याची कोवळी फळं गाळतो. आंबा आणि जांभळाची दाट रांग तो वारा अंगावर घ्यायची. आजही संत्रा लावताना पश्चिमेला आणि दक्षिणेला वारारोधक झाडं लावा, असं कृषी विद्यापीठवाले सांगतात. कुंपण मेंदीचं, आणि जिथं गुरं घुसायची तिथं सागरगोटा. सागरगोट्यातून बैल काय, पोरंही घुसत नाहीत. आम्ही प्रयत्न केलेला आहे.

संत्र्याबद्दल आजोबांचा एक नियम होता: “संत्र्याच्या पायाले पानी लागू देवाचं नाई.” बुंध्याभोवती मातीचा एक गोल, त्याच्या बाहेर दुसरा गोल, आणि पाणी फक्त दोन्हींच्या मधे. बुंध्याशी पाणी साचलं की जमिनीतली फायटोफ्थोरा बुरशी सालीत शिरते, खोडातून डिंक वाहायला लागतो आणि झाड वरून वाळत जातं. त्यालाच डिंक्या म्हणतात. त्या बुरशीचं नाव आजोबांनी कधी ऐकलं नसेल. आज कृषी विभागाच्या पत्रकात दुहेरी आळं आणि खोडाला बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) हे दोन्ही छापलेलं असतं. कलमाचंही तसंच. जंभेरीच्या (रानटी लिंबाच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि लावताना तो जोड मातीच्या चांगला वर राहील असं बघायचं. जोड गाडला गेला की झाड गेलंच समजा.

बहर म्हणजे तर हिशेबच. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, फळ दिवाळीच्या आसपास. मृग बहर पावसाच्या तोंडावर फुलतो, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. कुठल्या झाडाकडून कुठला बहर घ्यायचा, ते पाणी तोडून, ताण देऊन ठरवायचं. मालगुजाराकडे होळीला पाहुणे असत आणि त्यांच्यापुढे ताजा संत्रा हवा असे, म्हणून बगीच्याचा एक भाग कायम मृगाला सोडलेला. म्हणजे उन्हाच्या तोंडी त्या भागाचा पाट बंद, आणि बैलांना तेवढाच आराम.

आता कोणी म्हणेल, मग दाखवा ना ते शंभर वर्षांचं संत्र्याचं झाड. नाही दाखवता येणार. संत्र्याचा बगीचा पंचवीस-तीस वर्षं टिकला तरी खूप झालं. आजोबांच्या हातचं एकही झाड आज नाही, त्यांच्यानंतरच्यांनी लावलेलंही नाही. जुना राहतो तो उतार, विहिरीची जागा, पाटांचं जाळं, ओळींमधलं अंतर, आणि भोवतीचा आंबा, चिंच, जांभूळ. याच मांडणीत संत्रा पिढ्यानपिढ्या पुन्हा लावला गेला. दार मोडलं तर सुतार नवं करून देईल. उतार सपाट केला की पाणी कुठून कुठं जायचं हे सांगणारं गावात कोणी उरत नाही. म्हणून माझं मत असं की जेसीबी बोलवण्याआधी कोणीतरी दोरी आणि कागद घेऊन तिथं एक दिवस फिरावं. विहीर कुठं, पाट कुठं, कुठल्या झाडाचा घेर किती, एवढं लिहून ठेवावं. वास्तुविशारद दाराच्या कोरीवकामाचे शंभर फोटो काढतात, त्यातले दहा इकडे काढले तरी चालतील.

नागपूरच्या भोसल्यांना बागांचा भारी शौक. महाराजबाग, तेलंगखेडी, तुळशीबाग ही नावं अजून रोजच्या बोलण्यात आहेत. औरंगाबादकडून संत्र्याची झाडं रघूजी भोसल्यांनी आणली असं पिढ्यानपिढ्या सांगतात. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आपण पेढे वाटले. आणि तो संत्रा खेड्यापाड्यात ज्या आवारांमधून रुजला, तिथं आज लॉन.

मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, अंमल १९५१ पासून. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव सरकारजमा झाले आणि गाळानं भरत गेले, त्यावर निदान बोललं तरी जातं. वाड्यामागच्या बगीच्यांवर कोणी बोललं नाही. घर आणि वाडी मालकांकडे राहिली, पण मोट हाकणारी माणसं राहिली नाहीत.

आणि ती का राहिली नाहीत, हेही लिहितो, नाहीतर ही पोस्ट जुन्या दिवसांचं गोडगोड गाणं व्हायची. बगीच्यातलं बरंचसं काम बेगारीचं होतं. आळी खणायला येणाऱ्यांना मजुरी मिळेलच असं नसे. आजीच्या वाट्याला गळालेली फळं यायची, झाडावरची नाही. मालगुजारी गेली ते उत्तम झालं, तिच्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. पण नव्या पाट्यांवर मालगुजाराची वंशावळ असते, चार ओळींत त्याचं दातृत्व असतं, आणि ज्यांच्या हातांनी ती वाडी उभी राहिली त्यांच्याबद्दल अर्धी ओळ नसते. बगीचा पुसला की त्यांची शेवटची खूणही जाते, कारण दिवाणखान्यात त्यांना तशीही जागा नव्हती.

पाण्याचं तर काय सांगावं. शेजारच्या वरूड-मोर्शीत बोअर किती खोल गेलेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या भूजलाचा अतिउपसा झाल्याचं सरकारी अहवालच सांगतात. अशा मुलखात मे महिन्यात लॉन हिरवं ठेवायला रोज पाणी मारायचं, तेही बोअरचं. आणि अमराईच्या सावलीत फुकट बसता आलं असतं ते पाहुणे मांडव अन् कूलर लावून बसतात. याला मी तरी सुधारणा म्हणणार नाही.

ज्यांच्या ताब्यात असे वाडे आहेत त्यांना एक कामाची गोष्ट. आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय हात लावू नका. आणि गावरान आंब्याचं जुनं झाड पोकळ झालं असेल तर या पावसाळ्यात कोय कलम करून घ्या. जूनमध्ये ताज्या कोया लावा, सुकलेली कोय उगवत नाही. रोप कोवळं, तांबूस असतानाच त्यावर जुन्या झाडाची काडी बांधायची. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटायची, म्हणजे डोळे फुगतात. जुलैची दमट हवा याला उत्तम. आमच्या तालुक्यात कलम बांधणारे हात अजून आहेत, त्यांना दिवसाची मजुरी द्या आणि रोपं त्याच पश्चिमेच्या बांधावर लावा.