एलिव्हेशन खराब होतंय, कपडे आत घ्या

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी फोटो आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण फोटो नेहमी आपल्याच बिल्डिंगचा असतो आणि त्यावर कुठेतरी लाल गोल काढलेला असतो. यावेळी गोलात माझा पायजमा होता. चौदावा मजला, काचेचं रेलिंग, आणि त्यामागे बिचारा एका पायावर लोंबकळतोय. खाली सेक्रेटरींचा मेसेज, "कृपया दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, बिल्डिंगचं एलिव्हेशन खराब दिसतं." (एलिव्हेशन म्हणजे बिल्डिंगची बाहेरून दिसणारी बाजू.) त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यातले निम्मे अंगठे रात्री अकरानंतर स्वतः बाल्कनीत कपडे टाकून उजाडायच्या आत काढणाऱ्यांचे आहेत हे मला माहितीये, कारण त्या वेळेला आम्ही आपापल्या बाल्कनीतून एकमेकांना हात करतो.

मग कपडे वाळत घालायचे कुठे? तर त्याला जागा दिलीच नाही, असं नाही हो. किचनच्या मागे ड्राय बाल्कनी आहे, तिच्यात वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस मावत नाही आणि माणूस उभा राहिला की मशीनचं झाकण उघडत नाही, आणि तिच्यापलीकडे डक्ट आहे ज्यात बिल्डिंग उभी राहिल्यापासून ऊन उतरलेलं नाही. तिथे टाकलेला टॉवेल वाळत तर नाहीच, उलट खालच्या सहा घरांत काय शिजतंय ते अंगावर घेऊन परत येतो. ऊन सगळं पुढच्या बाजूला, आणि पुढची बाजू फोटोसाठी राखीव.

पण पायजम्याचं सोडा, माझं खरं दुखणं पट्टी आहे.

आमच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर एक उभी पट्टी आहे. पहिल्या मजल्यापासून थेट गच्चीच्या वर गेलेली, हातभर बाहेर आलेली, लांबून लाकडाची वाटणारी आणि टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखी वाजणारी. खालून बघितलं तर तिच्यामुळे बिल्डिंग सडपातळ दिसते, हे मी मान्य करतो. आतून बघितलं तर खिडकीचा डावीकडचा तिसरा हिस्सा म्हणजे पट्टी. तिच्या आणि भिंतीच्या फटीत कबुतरांचं एक एकत्र कुटुंब राहतं, मेंटेनन्स न भरता. फ्लॅट बघायला आलो तेव्हा मी सेल्सच्या मुलाला विचारलं होतं की ही पट्टी कशासाठी, तर तो इतक्या आदराने म्हणाला "सर, ते व्हर्टिकल एलिमेंट आहे" की पुढे काही विचारायची माझी छातीच झाली नाही.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की या पट्टीचं खानदान फार मोठं आहे. शिकागोत १९५१ साली मीस व्हॅन डर रोहे या आर्किटेक्टने लेक शोअर ड्राइव्हवर राहण्यासाठी २६ मजल्यांचे दोन टॉवर उभे केले, सगळी काच आणि काळं स्टील. आजचे निम्मे काचेचे टॉवर त्यांचीच नातवंडं आहेत. तर आगीपासून बचाव म्हणून तिथलं खरं भार उचलणारं स्टील काँक्रीटमध्ये गुंडाळावं लागलं, म्हणजे ते दिसेना, मग स्टील दिसायला तर पाहिजे म्हणून साहेबांनी बाहेरून वेगळ्या आय-आकाराच्या स्टीलच्या पट्ट्या लावल्या. खिडक्यांच्या चौकटींना त्यांचा आधार होतो म्हणा, पण खांबांसमोर जिथे खिडकीच नाही तिथेही लावल्या, का, तर ओळ तुटायला नको. वाचून मला एकदम घराणेदार वाटायला लागलं. आपली पट्टी पोकळ आहे, पण कुळ चांगलं आहे.

याच माणसाची न्यूयॉर्कमधली सीग्राम बिल्डिंग, १९५८ ची, ऑफिसांची आहे. कोणी पडदा अर्धा ओढतो, कोणी पाव, आणि बाहेरून सगळं विस्कटलेलं दिसतं, म्हणून तिथल्या खिडक्यांना असे ब्लाइंड बसवले की ते तीनच जागी थांबतात: पूर्ण वर, पूर्ण खाली, नाहीतर बरोब्बर मध्ये. माणसाला किती ऊन हवंय हा प्रश्नच निकालात. हे आमच्या सेक्रेटरींच्या कानावर जाता कामा नये, एवढीच तुम्हाला विनंती.

सगळ्याचं मूळ त्या ब्रोशरच्या चित्रात आहे. तुम्ही पण बघितलं असेल. चित्रात वेळ कायम संध्याकाळची असते, आकाश जांभळं, सगळ्या घरांत एकदम पिवळे दिवे लागलेले, म्हणजे दोनशे कुटुंबांपैकी एकही बाहेर गेलेलं नाही आणि एकाही घरात ट्यूबलाइट नाही. खाली एक सडसडीत बाई कुत्रा फिरवतेय, तोंडाने फुगे सोडणारं एक पोर, आणि वर पक्षी, ते पण कबुतरं नव्हेत, लांब मानेचे कुठलेतरी. एसीचे आउटडोअर युनिट नाहीत, डिश अँटेना नाही, ग्रिल नाही, आणि मुख्य म्हणजे शेजारी दुसरा टॉवर नाही. तो टॉवर आमच्या हॉलच्या बरोब्बर समोर आहे. हे चित्र जिथून काढल्यासारखं दिसतं तिथे उभं राहायचं तर हेलिकॉप्टर लागेल, म्हणजे बिल्डिंग कोणाला दिसावी म्हणून सजवलीये तर हेलिकॉप्टरवाल्याला, आणि हप्ते भरायचे आम्ही.

बरं हे सगळे टॉवर एकसारखे का दिसतात, त्याचं उत्तर मला आमच्या मजल्यावरच्या एका काकांकडून मिळालं, ते सिव्हिल इंजिनियर होते, आता रिटायर आहेत आणि लिफ्टची वाट बघताना शिकवतात. (लिफ्टची वाट एवढी बघावी लागते की अभ्यासक्रम पूर्ण होत आलाय.) ते म्हणतात, हल्ली विटा रचत नाहीत, अॅल्युमिनियमचे साचे लावतात आणि भिंती-स्लॅब सगळं एकदम काँक्रीटमध्ये ओततात. एक मजला झाला की तेच साचे वरच्या मजल्यावर, आणि हे साचे शंभरावर वेळा वापरता येतात, म्हणून एकदा साचा बनवला की बदल करणं महागात पडतं. काम फटाफट होतं, भिंत सरळ येते, प्लास्टरही फारसं लागत नाही. म्हणजे खालपासून वरपर्यंत तेच घर, तीच खिडकी, तोच संडास एकावर एक. मग हे सगळं वेगळं दिसावं कसं? तर बाहेरून काहीतरी चिकटवून. "तुमची पट्टी तिथून आली," काका म्हणाले, आणि लिफ्ट आली.

त्या साच्याच्या भिंतीचा प्रसाद आतही मिळतो. खिळा ठोकायला जाल तर खिळा वाकतो, हातोडी उडते, भिंत ढिम्म. कॅलेंडर लावायला ड्रिलवाला बोलवावा लागतो आणि त्याचा आवाज वर-खाली चार मजले जातो, आणि मग ग्रुपवर "कोणाकडे काम चालू आहे" हा प्रश्न पडतो आणि आपण शांत बसतो.

काच हा आणखी वेगळा छळ. आमचा हॉल पश्चिमेकडे, भिंतीऐवजी काच, सेल्सच्या भाषेत "फ्लोअर टू सीलिंग व्ह्यू". दुपारनंतर ऊन आत येतं ते सोफ्यावर, टीव्हीवर, आणि आईच्या डोळ्यांवर, मग आम्ही जाड पडदे लावतो आणि व्ह्यूसाठी पैसे मोजलेल्या घरात दिवसा दिवे लावून बसतो. एसी आहेच. खिडकी उघडावी म्हणाल तर तिला वितीपेक्षा जास्त उघडायची परवानगी नाही, उंचीवर सेफ्टी म्हणून, आणि ते बरोबरच आहे, पण वारा काय त्या वितीतून आमची चौकशी करायला येणार आहे?

तरी आम्ही सुखी. लंडनमध्ये २० फेनचर्च स्ट्रीट नावाची ऑफिसांची बिल्डिंग आहे, तिची एक बाजू आतल्या अंगाने वाकलेली, सगळी काच, तर २०१३ साली त्या बाजूवरून ऊन एकत्र होऊन खाली रस्त्यावर पडलं आणि पार्क केलेल्या जॅग्वार गाडीचा आरसा आणि पत्रे वितळून वाकडे झाले. एका पत्रकाराने तिथे तव्यावर अंडं तळून दाखवलं. पुढच्या वर्षी त्या काचेवर सावलीसाठी आडव्या पट्ट्या बसवल्या. म्हणजे बघा, तिथे पट्टीला नोकरी लागली, आमची अजून बेकार.

त्या बिल्डिंगचे आर्किटेक्ट राफाएल विन्योली, आणि त्यांचाच न्यूयॉर्कमधला ४३२ पार्क अॅव्हेन्यू, २०१५ साली पूर्ण झालेला, ४२६ मीटर उंच, अब्जाधीशांनी राहायचा टॉवर. तो दिसतो एकदम साधा, उभी चौकोनी जाळी, आणि ती कल्पना म्हणे जुन्या काळच्या योझेफ हॉफमन या डिझायनरच्या एका कचरापेटीवरून सुचली. हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग आपल्याकडे कचरापेटी लॉबीत ठेवल्यावर एवढी बोंब का झाली? पण त्या टॉवरमध्ये दर बारा मजल्यांनंतर दोन मजले चक्क मोकळे सोडलेत, वारा आरपार जावा म्हणून. वाऱ्याला राहायला अख्खे मजले!

आमच्याकडे वाऱ्याची सोय मेन गेटवर आहे. उंच टॉवर वरचा जोरातला वारा अडवतो आणि तो भिंतीवरून घसरत खाली येतो, त्यामुळे बाकी गावात पान हलत नसलं तरी आमच्या लॉबीच्या दारात छत्री उलटते. ग्रॅनाइट, कारंजं, सोनेरी अक्षरं आणि उलटी छत्री धरून उभा माणूस. वर बाल्कनीच्या दाराच्या फटीतून शिट्टी वाजते ती वेगळीच. मँचेस्टरच्या ४७ मजली बीथम टॉवरच्या डोक्यावर काचेचं एक उंच पातं लावलंय, वारा सुटला की ते असं घुमतं की आवाज आसपासच्या वस्तीत जातो. २००६ पासून चाललंय हे. शोभेची वस्तू, पण बोलकी.

सगळेच असे असतात असं नाही, उगाच कशाला खोटं बोला. शिकागोतच जीन गँग यांचा अॅक्वा टॉवर आहे, २००९ चा, ऐंशीवर मजले, आणि प्रत्येक मजल्याची बाल्कनी वेगळ्या वळणाने बाहेर आलेली, त्यामुळे पूर्ण टॉवरवर लाटा उठल्यासारखं दिसतं. पण त्या लाटा नुसत्या दिसायला नाहीत, त्यांच्यामुळे वाऱ्याचा जोर फुटतो, खालच्या घरावर सावली पडते, आणि पार वरच्या मजल्यांवरही माणसं बाल्कनीत उभी राहू शकतात. फोटो बघितला आणि मी बराच वेळ गप्प होतो. इथे सुंदर दिसणं आणि कामाला येणं एकाच गोष्टीने साधलंय, आणि आमच्याकडे दोन्हीची गाठच पडलेली नाही.

झाडांचं मात्र आमच्या ब्रोशरने उचललं. मिलानमध्ये २०१४ साली बॉस्को व्हर्टिकाले नावाचे दोन टॉवर झाले, त्यांच्या बाल्कन्यांत शेकडो खरी झाडं आहेत आणि त्यांची छाटणी करायला माळी गच्चीवरून दोरीला लटकून उतरतात. आमच्या चित्रातही प्रत्येक बाल्कनीत झाड होतं. प्रत्यक्षात एक चौकोनी खड्डा आला, माती भरली की खालच्यांच्या छताला ओल, म्हणून तो फरशी लावून बंद केला. आता त्यावर बादली असते.

आणि आता बिल्डिंगला रंग द्यायचा निघालाय. त्यासाठी मीटिंग झाली, शेडकार्ड फिरलं, त्यात ग्रे, त्याहून जरा गडद ग्रे, आणि कोणाच्या घरात भांडण झाल्यावर चेहऱ्याचा जो रंग होतो तो ग्रे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, पिवळा का नको? तर सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले जणू त्यांनी बिल्डिंग विकायचा ठराव मांडलाय. कमिटीतले एकजण म्हणाले, ग्रे प्रीमियम दिसतो. काकू म्हणाल्या, कोणाला? याची नोंद मिनिट्समध्ये आली नाही. मी हळूच पट्टी काढून टाकायचा विषय काढला तर कळलं की ती काढली तर एलिव्हेशन बदलेल, आणि तिलाही रंग द्यायचाय, वेगळा, हायलाइट म्हणून, आणि त्याची वर्गणी वेगळी.

काम सुरू झालं. परवा मी बेडरूममध्ये शर्ट बदलत होतो तर खिडकीत दोरीवर एक पेंटर, चौदाव्या मजल्यावर, माझ्यापासून दोन हातांवर. बाकीचं शरीर हवेत आणि एक पाय निवांतपणे पट्टीवर टेकवलेला. पहिल्यांदा पट्टीला कोणाच्या तरी उपयोगी पडताना बघत होतो. काचेवर टकटक करून त्याने विचारलं, "साहेब, ही सी विंग ना?"

"नाही हो, बी."

त्याने वर बघितलं, खाली बघितलं, तोपर्यंत वरचे तीन मजले रंगवून झाले होते. मग वॉकीटॉकी काढून म्हणाला, "अरे, सी चा शेड बी ला मारलाय."

खालून खरखरत उत्तर आलं, "मार तोच. कुणाला कळतंय."