कोयता दोघांचा, राबणारे तिघे

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते, तेव्हा बीड जिल्ह्यातील आमच्या गावच्या हजेरीपटावर गैरहजेरीची रांगच लागते. मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात आणि परततात ती मार्च-एप्रिलमध्ये.

मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते, मजुरी टनावर ठरते आणि आजारपणात कोपीवर, म्हणजे झोपडीत, पडून राहिले तर खाड्याचे, म्हणजे बुडालेल्या दिवसांचे, पैसे अंगावर चढतात. हिशेब टनाचा असल्यामुळे मोळी कोणाच्या हातांनी बांधली, हे विचारण्याची गरज ना मुकादमाला पडते, ना कारखान्याला.

गेल्या जानेवारीत सहावीतल्या एका मुलीच्या शोधात मी पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या एका फडावर गेलो होतो. ती वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. पाचटाने बोटे चिरली होती आणि धाकटा भाऊ सरीत झोपला होता. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “सर, मी कामाला नाही, आईला हातभार लावते.”

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामावर ठेवण्यास बंदी आली, हे स्वागतार्हच आहे. परंतु शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत मुलाने कुटुंबाला किंवा कौटुंबिक उद्योगाला मदत करण्याची मुभा त्याच दुरुस्तीने दिली. दुसऱ्याच्या शेतातला, उचल घेऊन तोडलेला ऊस हा कौटुंबिक उद्योग कसा, आणि पहाटे चारला सुरू होणाऱ्या फडावर शाळेनंतरची वेळ कोणती? पण तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यालाही त्या मुलीचेच वाक्य ऐकायला मिळणार, आणि ते खोडून काढायला त्याच्याकडे हजेरीची एक ओळही नसणार.

म्हणून माझे मत असे की, कारखान्याने प्रत्येक तोडणी मजुराची स्वतःच्या नावे नोंद करावी, मजुरी थेट त्याच्या खात्यावर द्यावी आणि फडावर मूल राबताना आढळल्यास मुकादमाकडे बोट न दाखवता स्वतः उत्तर द्यावे. आईबापांवर खटले भरून काही साधणार नाही. (तसे सुचवणारे शहाणे भेटतात.)

गावात हंगामी वसतिगृह आहे, जेवण मिळते, मुलीला आजीजवळ का ठेवत नाही, असे मी तिच्या वडिलांना विचारले. कोयत्याची धार बोटाने चाचपत ते म्हणाले, “म्हातारीला रातीचं दिसत नाही, पोरगी वयात आली. तुम्ही जिम्मा घेता का, गुरुजी?”

मी गाडीला किक मारून परत निघालो, तेव्हा ती पुढची पेंढी बांधत होती.